साथीच्या दिवसांत बेड कधी, कुठे आणि कसा शोधायचा: नाशिककरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

एप्रिल २०२१ मध्ये नाशिकच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता. ‘व्हेंटिलेटर बेड हवाय, अर्जंट, कुणाची ओळख असेल तर कळवा.’ बहुतेक मेसेजांत पेशंटचं वय नसायचं, ऑक्सिजन किती ते नसायचं, पेशंट सिडकोत आहे की सटाण्यात तेही नसायचं. फॉरवर्ड करणारे शेकड्याने, पण ज्याला खरंच काही करता आलं असतं त्याच्या हाताशी माहितीच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. बेड वेळेत मिळतो की नाही, हे बेड शोधायला लागण्याच्या आधीच्या चार-पाच दिवसांत ठरतं. घरात नोंदी आहेत का, निर्णय कोण घेणार हे ठरलंय का, जवळचं पहिलं ठिकाण माहीत आहे का, यावर बाकीचं सगळं अवलंबून असतं. ओळखीपाळखी शेवटी कामाला येतात, नाही असं नाही. पण रक्तातला ऑक्सिजन नव्वद टक्के असताना निघालेल्या पेशंटसाठी त्या जेवढ्या उपयोगी पडतात, तेवढ्या सत्तर टक्क्यांवर निघालेल्यासाठी पडत नाहीत.

खाली दिलेले आकडे कोविडसारख्या, फुप्फुसाला धरणाऱ्या साथीचे आहेत. उद्या साथ दुसऱ्या आजाराची आली तर आरोग्य विभाग त्या आजाराचे निकष जाहीर करेल, तेव्हा ते धरायचे. कामाची पद्धत मात्र हीच राहील.

रिकामी खाट पुरत नाही

हॉस्पिटलची क्षमता म्हणजे खाटांचा आकडा नव्हे. खाटेमागे ऑक्सिजनची लाइन लागते, त्या लाइनमागे टाकी किंवा सिलिंडर, ते भरणारी गाडी, रात्रपाळीला पुरेशा नर्स, आयसीयूचा अनुभव असलेला डॉक्टर. यातलं एक जरी तुटलं तरी खाट नुसती खाट राहते. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खाली आला आणि त्या एका दिवसात २२ रुग्ण दगावले. बेड होते, व्हेंटिलेटर होते, डॉक्टरही होते.

म्हणून ऑनलाइन यादीत ‘ऑक्सिजन बेड: ४ शिल्लक’ दिसलं की लगेच गाडी काढू नका. ती यादी कुणीतरी हाताने भरत असतं, आणि लाटेच्या दिवसांत तासाभरापूर्वीची नोंदही शिळी झालेली असते. यादीवरून कुठे फोन करायचे ते ठरवा. निघायचं ते फोनवर होकार मिळाल्यावर.

दुसरी गोष्ट, सगळ्यांना एकाच प्रकारचा बेड लागत नाही. २०२० मध्ये सरकारने तीन पायऱ्या केल्या होत्या. सौम्य लक्षणांसाठी कोविड केअर सेंटर, ऑक्सिजन लागणाऱ्यांसाठी कोविड हेल्थ सेंटर आणि गंभीर रुग्णांसाठी कोविड हॉस्पिटल. ही वाटणी शहाणपणाची होती. पण अठ्ठ्याण्णव ऑक्सिजन असलेला माणूस ‘उगाच रिस्क नको’ म्हणून मोठ्या हॉस्पिटलची खाट अडवून बसला, तर त्याच रात्री ब्याऐंशीवर आलेल्या बाईला गेटवरून परत जावं लागतं. घरात वेगळी खोली, वेगळं बाथरूम आणि लक्ष ठेवणारं माणूस असेल, डॉक्टरही घरी राहायला हरकत नाही म्हणत असतील, तर घरीच राहावं. घरात दोन खोल्यांत आठ माणसं असतील तर केअर सेंटरला जावं, त्यात कमीपणा काही नाही.

घरात सगळे धडधाकट असताना करायची कामं

साथीची बातमी आली की एका रविवारी दुपारी बसून एवढं उरकून घ्या.

जवळची तीन ठिकाणं लिहून ठेवा. एक सरकारी, एक खासगी, आणि एक असं जिथे काही नाही तरी ऑक्सिजन लावून मिळेल. शहरात त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, नाशिकरोडचं बिटको, कथड्याचं झाकिर हुसेन ही सरकारी नावं सगळ्यांना माहीत असतात. आडगावला डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेज आहे, घोटीकडच्या लोकांना धामणगावचं एसएमबीटी जवळ पडतं. तालुक्यात असाल तर तुमचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय हेच पहिलं ठिकाण, नाशिक दुसरं. यातलं कुठलं रुग्णालय त्या साथीसाठी राखीव केलंय ते दर लाटेला बदलतं, त्यामुळे जुन्या आठवणीवर विसंबू नका.

एका प्लास्टिकच्या पिशवीत प्रत्येकाचं आधार, रेशनकार्ड, विम्याचं कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट यांच्या झेरॉक्स. म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरात. ‘ती पांढरी छोटी, सकाळची’ एवढ्यावर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला काही कळत नाही.

ऑक्सिमीटर, थर्मामीटर, जमल्यास बीपीचं मशीन. बिल्डिंगमध्ये किंवा वाड्यात दोन ऑक्सिमीटर सामाईक असले तरी चालतात, फक्त पुसून द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं, हॉस्पिटलला न्यायचं का यावर शेवटचा शब्द कुणाचा, हे आधी ठरवा. पुण्याचा मुलगा म्हणतो ने, इथला म्हणतो सकाळपर्यंत बघू, आजी म्हणते मला कुठे जायचं नाही. या चर्चेत रात्रीचे पाच तास जातात आणि पहाटे धावपळ सुरू होते. घरातला एक जण नेमा. आकडा खाली आला की बाकीच्यांना विचारायचं नाही, फक्त कळवायचं.

वही

शाळेची शंभर पानी वही आणि बॉलपेन. पेशंट दिसेल अशा जागी, पण त्याच्या हातात नको. दिवसातून चार वेळा नोंद, ताप चढता असेल किंवा आकडा ९५ च्या आसपास असेल तर दर दोन तासांनी. एक ओळ अशी दिसते:

‘दिवस ६ वा. रात्री ९.१५. ताप १०१. ऑक्सिजन ९४. नाडी १०८. श्वास २६. जेवली अर्धी भाकरी. लघवी संध्याकाळी ६ ला.’

दिवस मोजायचा तो पहिलं लक्षण दिसल्यापासून, रिपोर्ट आल्यापासून नाही. कोविडमध्ये पाचव्या ते दहाव्या दिवसांत बरेच पेशंट अचानक ढासळायचे, आणि नेमकं तेव्हाच घरच्यांना ‘ताप उतरला, आता बरंय’ असं वाटायचं. कितवा दिवस चालू आहे हे डॉक्टर पहिल्या दोन प्रश्नांत विचारतात.

ऑक्सिमीटर लावायची रीत आहे. पेशंटला पाच मिनिटं शांत बसवा. नेलपॉलिश काढा, मेंदीचं बोट टाळा. हात गार असतील तर चोळून गरम करा. जानेवारीत निफाडला पारा उतरतो तेव्हा गारठलेल्या बोटावर मशीन काहीही दाखवतं आणि घर घाबरतं. मधलं किंवा अंगठ्याशेजारचं बोट घाला, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्या आणि मग लिहा. लावल्या लावल्या दिसलेला पहिला आकडा धरू नका. सावळ्या रंगावर मशीन थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, हेही लक्षात असू द्या. म्हणजे आकडा काठावर असेल तर तो खालचाच समजा.

श्वास मोजणं कुणी करत नाही, आणि त्याला तर मशीनही लागत नाही. पेशंटला न सांगता छातीकडे किंवा पोटाकडे बघत घड्याळाने पूर्ण एक मिनिट मोजा. सांगितलं की माणूस श्वास बदलतो.

निघायची वेळ

बसल्या जागी ९५ किंवा वर आणि दम नाही: घरी, नोंदी चालू.

९४ आला: डॉक्टरला लगेच फोन. थोड्या वेळाने दुसऱ्या बोटावर पुन्हा बघा. तसाच असेल तर बेडची चौकशी सुरू करा, पिशवी दाराशी आणून ठेवा.

९३ ते ९०, किंवा श्वास मिनिटाला २४ आणि वर: ऑक्सिजन मिळेल अशा ठिकाणी आजच, म्हणजे पुढच्या एक-दोन तासांत.

९० च्या खाली, किंवा श्वास ३० च्या वर: १०८ ला फोन आणि जवळात जवळ जिथे ऑक्सिजन आहे तिथे. चांगलं हॉस्पिटल कुठलं, नातेवाईक काय म्हणतात, हे सगळं ऑक्सिजन लागल्यानंतर.

काही लक्षणांना आकड्याची वाट बघायची नाही. ओठ निळसर होणं, छातीत सतत दुखणं किंवा दाबल्यासारखं वाटणं, एक वाक्य एका दमात न बोलता येणं, बडबड किंवा भ्रम, हाक मारूनही नीट जाग न येणं. कोविडमध्ये ऑक्सिजन पंच्याऐंशीवर असूनही माणूस फोनवर गप्पा मारतोय असंही दिसायचं. ‘बोलतोय की नीट’ ही खात्री म्हणून धरू नका.

आकडा ९५ च्या वर असेल तर सहा मिनिटं चालण्याची चाचणी करून बघता येते. घरातल्या सपाट फरशीवर, नेहमीच्या वेगाने, ऑक्सिमीटर बोटात ठेवून, सोबत कुणीतरी असताना. जिना नको, गच्ची नको. साठीच्या वरच्यांना तीन मिनिटं पुरे. आकडा ९३ च्या खाली गेला, मूळ आकड्यापेक्षा तीनहून जास्त घसरला किंवा दम लागला तर थांबा आणि डॉक्टरला कळवा. आधीच दम असलेल्याला चालवू नका.

लहान मुलांचं गणित वेगळं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतलं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, दूध सोडलं असेल, तर थांबायचं नाही.

एक गोष्ट मात्र घरी करायची नाही: ताप आला म्हणून मेडिकलवरून स्टिरॉइड आणून सुरू करणं. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून दिसलं की डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटचे जीव वाचतात, पण ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही, उलट अपाय होण्याची शक्यता दिसली. आपल्याकडे ते तिसऱ्या दिवसापासून वाटलं गेलं, शुगर वाढल्या, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीचे पेशंट भरू लागले. तसंच रेमडेसिवीर या विषाणूविरोधी इंजेक्शनचं. लोक मेडिकलपुढे रात्रभर रांगेत उभे होते, आणि त्याच वेळी त्यांच्या घरच्या पेशंटचा ऑक्सिजन कुणी मोजत नव्हतं. याचा मला आजही राग येतो.

फोनवर काय बोलायचं

हॉस्पिटलचा फोन एखादी दमलेली मुलगी उचलते, तिच्यापुढे दोन लोक उभे असतात. ‘मॅडम काहीतरी करा हो’ याचा उपयोग नाही. वही समोर धरा आणि एका दमात सांगा:

‘पेशंट बाई, वय बासष्ट, आजाराचा सातवा दिवस. रूम एअरवर एक्क्याण्णव, श्वास सव्वीस. शुगर आहे, बीपी आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह. इंदिरानगरहून वीस मिनिटांत पोचू. ऑक्सिजन बेड मिळेल का?’

रूम एअर म्हणजे ऑक्सिजन न लावता. हा शब्द वापरला की समोरचा माणूस लगेच गंभीरपणे ऐकतो. ‘व्हेंटिलेटर बेड हवाय’ असं मागू नका. व्हेंटिलेटर लागतो की नाही ते डॉक्टर ठरवतात. ज्याचं काम साध्या ऑक्सिजन मास्कवर भागतं त्याच्यासाठी व्हेंटिलेटर शोधत चार तास फिरलेली कुटुंबं थोडीथोडकी नव्हती.

होकार मिळाला तर चार गोष्टी विचारा: हा बेड किती वेळ धरून ठेवाल, ऑक्सिजन पाइपलाइनवर आहे का सिलिंडरवर, आयसीयू लागला तर इथेच आहे का हलवावं लागेल, योजना किंवा कॅशलेस चालतं का. बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ वहीत टाका. नकार मिळाला तर ‘मग कुठे विचारू?’ हा प्रश्न सोडू नका. हॉस्पिटलवाल्यांना एकमेकांची खबर यादीपेक्षा लवकर कळते.

फोन दोघांनी वाटून घ्या, एक सरकारी वॉररूम, म्हणजे बेडची माहिती देणारा नियंत्रण कक्ष, आणि सरकारी रुग्णालयं धरेल, दुसरा खासगी. तिसरा पेशंटजवळ. तिघांनी त्याच त्याच नंबरला फोन केले तर ती लाइन आपणच जाम करतो.

तालुक्यातून येणाऱ्यांसाठी

सुरगाणा, पेठ, हरसूल, कळवण, बागलाण इथल्या लोकांसाठी अंतर हाच आजाराचा अर्धा भाग. पेठकडून यायचं तर सावळघाट, मालेगावकडून राहुड घाट, आणि शहरात शिरल्यावर द्वारका. ८८ ऑक्सिजन असलेला माणूस जीपमध्ये बसवून थेट नाशिकला आणणं म्हणजे त्या सगळ्या वेळात त्याला काहीच उपचार न मिळणं.

आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑक्सिजन लावा. तिथून रेफर चिठ्ठी घ्या, ज्यात कधी काय दिलं ते लिहिलेलं असेल, आणि पुढच्या ठिकाणी बेड पक्का असल्याचा फोन तिथल्याच डॉक्टरकडून करवून घ्या. डॉक्टरने डॉक्टरला केलेल्या फोनला जास्त वजन असतं. मग १०८ ची अॅम्ब्युलन्स. तिच्यात डॉक्टर आणि ऑक्सिजन दोन्ही असतं, पैसे लागत नाहीत. लाटेच्या दिवसांत यायला उशीर होऊ शकतो, म्हणून खासगी गाडी करावी लागली तर तिच्या सिलिंडरचा काटा स्वतः बघा. गावातल्या आशाताईंना पहिल्या दिवसापासून माहीत असू द्या. गाडी कुठे अडकलीय, कुठल्या केंद्रात आज डॉक्टर आहेत, हे त्यांना ठाऊक असतं.

बेड मिळेपर्यंतचे तास

पेशंटला पालथं झोपवा. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीखाली, दोन नडगीखाली. अर्धा ते दोन तास, मग उजव्या कुशीवर, मग टेकून बसवणं, मग डावी कूस, पुन्हा पालथं. जेवणानंतर तासभर नको. गरोदर बाई, गंभीर हृदयविकार, मणक्याचा किंवा मांडीचा फ्रॅक्चर असेल तर पालथं नको. पुष्कळांचा आकडा एवढ्यानेही दोन-चारने वर येतो. आला म्हणून बेडचा शोध थांबवू नका.

घरी सिलिंडर आणलाच तर गणित करा. मोठा जम्बो सिलिंडर सुमारे ७००० लिटरचा. मिनिटाला ५ लिटरने तो साधारण २३ तास चालतो, १० लिटरने बारा तासांच्या आत संपतो. लहान, १५०० लिटरचा असेल तर ५ लिटरने पाच तास. काटा निम्म्यावर तर वेळही निम्मा. संपायच्या दोन तास आधी दुसरा दारात हवा. सिलिंडर उभा, बांधलेला. व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावायचं नाही. त्या खोलीत समई, उदबत्ती, गॅस काही नको, देवघर त्याच खोलीत असेल तर दिवा दुसरीकडे. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र, विजेवर चालतो, त्यामुळे लोडशेडिंगच्या गावात तो एकटा भरवशाचा नाही. फ्लो डॉक्टरला विचारल्याशिवाय वाढवू नका. जुना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुप्फुसाचा आजार) असलेल्याला जास्तीचा ऑक्सिजनही बाधतो.

पैसे

२०२० मध्ये राज्य सरकारने महात्मा फुले जन आरोग्य योजना पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती न ठेवता सगळ्यांसाठी खुली केली होती. योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. दाखल करतानाच त्याच्याकडे जा, बिल झाल्यावर नाही. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथे समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवा.

मे २०२० मध्ये खासगी हॉस्पिटलच्या दरांवरही मर्यादा आली होती: साध्या वॉर्डाला दिवसाला ४०००, आयसीयूला ७५००, व्हेंटिलेटरसह ९००० रुपये. बिलं तपासायला महापालिकेने लेखापरीक्षकही नेमले होते. असे आदेश साथीपुरते असतात, म्हणून चालू आदेश कोणता ते पहिल्याच दिवशी विचारा. बिल रोजच्या रोज, बाबवार मागा, पीपीई किट आणि औषधांच्या ओळी नीट वाचा. तातडीचा पेशंट असेल तर आधी जीव वाचवण्यापुरते उपचार, मग बाकीचं. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात हे सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांना सांगितलंय. गेटवर भांडायला नव्हे, पण शांतपणे आठवण करून द्यायला हे माहीत असावं.

ज्यांना साथीचा आजार नाही ते

लाटेत हेच विसरले जातात. छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, शेतात साप चावला, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तर ‘हॉस्पिटलात नको, तिथे लागण होईल’ म्हणून घरी बसायचं नाही. मास्क लावा आणि निघा.

डायलिसिसवाल्यांनी आपल्या सेंटरला आजच विचारावं: मी पॉझिटिव्ह आलो तर माझं डायलिसिस कुठे होणार? याचं उत्तर ऐन वेळी शोधताना आठवडा निघून जातो आणि तो आठवडा त्यांच्याकडे नसतो. गरोदर बाईने सातव्या महिन्यातच दोन ठिकाणं ठरवावीत, एक नेहमीचं आणि एक ते बंद पडलं तर. शुगर, बीपी, टीबी, फिट्स यांच्या गोळ्या महिनाभराच्या घरात असाव्यात, त्याहून जास्त साठवू नका.

दाखल झाल्यावर आणि सुटी मिळताना

आत जाणाऱ्या पेशंटसोबत चार्जर, चष्मा, कवळी, गोळ्यांची चिठ्ठी आणि दोन फोन नंबर कागदावर. कवळी राहिली तर जेवण राहतं, हे वॉर्डात रोज दिसायचं. डॉक्टरांशी दिवसातून एकदाच आणि घरातल्या एकानेच बोलावं. विचारायचं एवढंच: कालपेक्षा ऑक्सिजन जास्त लागतोय का कमी, शुगर किती, खातोय का.

पेशंट बरा होत आला आणि डॉक्टर म्हणाले साध्या वॉर्डात किंवा केअर सेंटरला हलवू, तर ‘अजून दोन दिवस राहू द्या ना’ म्हणून अडून बसू नका. सुटीच्या दिवशी डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी आहेत का बघा: स्टिरॉइड किती दिवस आणि कसं कमी करायचं, रक्त पातळ करायची गोळी आहे का, पुन्हा कधी दाखवायचं. घरी आल्यावर आठवडाभर वही चालूच ठेवा, शुगर असेल तर रोज तपासा. गाल किंवा डोळा सुजला, नाकातून काळपट स्राव आला, वरचे दात दुखू लागले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरकडे जा.